अळवावरचे पाणी आणि इंजिनातील डिझेल

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या वाटेवर नेसरी हे गाव लागते. सरसेनापती प्रतापराव गुजर यांनी १६७४ साली याच परिसरात देह ठेविला, म्हणून साऱ्या महाराष्ट्रास हे नाव परिचित आहे. येथील शेतकऱ्यास मात्र आपल्या भूमीची दुसरीही एक ओळख आहे, आणि ती म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतून येणारा पाऊस. पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला की भातखाचरे भरतात, चिखलणीची घाई उडते आणि रोप लागणीचे मोजकेच दिवस हाती राहतात. नेमक्या याच दिवसांत चिखलात उभा असलेला ट्रॅक्टर अथवा पॉवर टिलर धूर टाकून बंद पडतो. मिस्त्री येतो, टाकीखालचा नळ सोडतो आणि डिझेलआधी पाणी बाहेर येते.

हा अनुभव एकट्या नेसरीचा नाही. जेथे पाऊस आहे आणि जेथे डिझेल कॅनमधून, पिंपातून व बॅरलमधून शेतापर्यंत आणले जाते, तेथे सर्वत्र तो येतो. त्याची झळ मात्र सर्वांना सारखी बसत नाही. ट्रॅक्टरच्या मालकास दुरुस्तीचा खर्च पडतो. परंतु ज्या अल्पभूधारकाने तो ट्रॅक्टर भाड्याने सांगितलेला असतो, त्याची तर लागणच लांबते आणि रोप तरव्यात जून होत राहते. त्याने ना डिझेल खरेदी केलेले असते, ना साठविलेले. तरीही नुकसानीचा मोठा वाटा त्याच्याच पदरी येतो. याकरिता डिझेलमधील पाण्याचा प्रश्न हा एकट्या यंत्रमालकाचा खाजगी प्रश्न न मानता साऱ्या गावाचा प्रश्न मानला पाहिजे. त्यावरील उपाय स्वस्त असून, त्याचे मूळ तत्त्व प्रत्येक घराच्या परसात उगवलेले आहे.

अळवाच्या पानाचा धडा

‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार मराठी माणूस क्षणभंगुरतेसाठी वापरीत आला आहे. पानावर पडलेला थेंब मोत्यासारखा गोळा होतो, पान हलताच घरंगळतो आणि पान कोरडेच राहते. कमळाच्या पानाचेही तसेच. जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट व नाइनहाउस यांनी १९९७ साली या गुणाचे कारण विस्ताराने मांडले. अशा पानांवर अतिसूक्ष्म उंचवटे असतात व त्यांवर मेणाचा थर असतो. पाण्याचा थेंब या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकून राहतो. त्याच्या खाली हवा राहते आणि पान भिजत नाही.

आता त्याच पानावर डिझेलचा एक थेंब टाकून पाहावा. तो गोळा होत नाही. तत्काळ पसरतो व पानास भिजवितो. पाणी व तेल यांच्या वर्तनातील हा भेदच सर्व गोष्टींची किल्ली होय. पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असतात; ज्यास पृष्ठताण म्हणतात तो पाण्याचा ताण डिझेलच्या ताणाच्या सुमारे अडीच ते तीन पट असतो. म्हणून मेणासारख्या पृष्ठभागावर पाणी आपले अंग आवरून घेते, तर तेल अंग पसरते.

अशा पाणी न धरणाऱ्या पदार्थाचा लेप बारीक तारेच्या जाळीवर दिला, तर ती जाळी तेलाला वाट देते आणि पाण्याला अडविते. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना सापडलेला टेफ्लॉन हा पदार्थ या कामी फार उपयोगी ठरला. चीनमधील संशोधकांनी २००४ साली पोलादी जाळीवर टेफ्लॉनचा खडबडीत लेप चढवून त्यातून डिझेल व पाणी वेगळे करून दाखविले, आणि तेव्हापासून जगभर अशा जलरोधी जाळ्या व पडदे यांवर पुष्कळ काम झाले आहे. हे तत्त्व त्याआधीही व्यवहारात नव्हते असे नाही. जुने मोटारचालक शॅमॉय नावाच्या मऊ कातड्यातून पेट्रोल गाळून घेत असत. ते कातडे प्रथम पेट्रोलने भिजले की मग पाण्याला आपल्यातून जाऊ देत नसे. आज टेफ्लॉनचा लेप दिलेल्या पोलादी जाळीची नरसाळी तयार मिळतात. प्रयोगशाळेतील नवलाईपेक्षा शेतकऱ्याच्या कामाची वस्तू हीच होय.

डिझेलमध्ये पाणी येते कोठून ?

डिझेलमध्ये पाणी दिसले की पहिला संशय पंपवाल्यावर जातो. कधी तो खराही असेल. परंतु पुष्कळदा पाणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या दारातच शिरते, हे निःपक्षपातीपणे मान्य केले पाहिजे. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते व रात्री निवते. आतील हवेतील बाष्प टाकीच्या पत्र्यावर दवासारखे जमते आणि तळाशी उतरते. पावसाळी हवेत हे रोज घडते.

बॅरलची गोष्ट याहून लक्षात ठेवण्याजोगी आहे. बॅरल उभे ठेवले की त्याच्या वरच्या थाळीसारख्या भागात पावसाचे पाणी साचते. रात्री आतील डिझेल व हवा निवून आकसतात, आत ओढ निर्माण होते आणि बुचाच्या फटीतून साचलेले पाणी आत शोषले जाते. बूच घट्ट दिसते, गळत नाही, तरी बॅरल पाणी पिते. म्हणून बॅरल उघड्यावर ठेवणे भाग असल्यास ते आडवे ठेवावे व त्याची दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली राहतील असे करावे. या दक्षतेस एक पैसाही लागत नाही.

पाणी आत गेल्यावर काय होते ? डिझेल हे पंप व इंजेक्टर यांच्या फिरत्या भागांचे वंगणही असते. पाणी ते वंगण हिरावून घेते. पोलाद गंजते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढून चिकट साय तयार होते आणि फिल्टर तुंबतो. पूर्वीची साधी इंजिने हा छळ काही काळ सोसत असत. नव्या इंजिनांत, विशेषतः १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना लागू झालेल्या नव्या धूरमानकानंतरच्या इंजिनांत, डिझेल हजार बारपेक्षा अधिक दाबाने फवारणारी यंत्रणा वापरली जाते. तिच्या भागांमधील फट काही मायक्रॉनचीच असते. एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या मानकात डिझेलमधील पाण्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम इतकीच ठेविली आहे, यावरून या यंत्रांस पाण्याचे किती वावडे आहे हे कळून येईल.

नरसाळ्याचे काम कसे चालते ?

पाणी डिझेलपेक्षा जड असते. जलरोधी जाळी नरसाळ्याच्या तळाशी आडवी बसविली, तर पाणी तिच्यावर बसून राहील आणि वरच्या डिझेलचाही मार्ग अडेल. म्हणून चांगल्या नरसाळ्यात जाळी मध्यभागी उभ्या नळकांड्यासारखी असते आणि तिच्याभोवती खोलगट जागा ठेवलेली असते. पाणी व गाळ त्या खोलगट जागेत उतरतात. डिझेल जाळीच्या अंगातून पलीकडे जाते. ओतणे संपल्यावर तळाशी थोडे डिझेल व असेल तेवढे पाणी उरते. हे उरलेले डिझेल वाया गेले असे समजू नये. तेच पाण्याचा पुरावा डोळ्यांपुढे ठेवते.

जाळीची पाणी रोखण्याची शक्ती अमर्याद नाही. छिद्र जितके बारीक, तितका अधिक दाब ती पेलते. साधारण हिशेबाने एक दशांश मिलिमीटर रुंदीच्या छिद्रांची टेफ्लॉनची जाळी सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा भार रोखू शकते. छिद्र दुप्पट झाले की ही उंची निम्म्यावर येते. म्हणून नरसाळे काठोकाठ भरू नये, डिझेल उंचावरून धारेने आदळू नये आणि हातपंपाने दाब देऊन त्यातून रेटू नये. डिझेल पेट्रोलपेक्षा दाट असल्यामुळे ते सावकाश उतरते. घाई करणाऱ्याच्या हाती हे साधन काम देणार नाही.

दुसरी दक्षता धुण्याची. नरसाळे साबणाने अथवा धुण्याच्या पावडरीने कधीही धुऊ नये. साबण पाण्याचा ताण कमी करतो व मग तेच पाणी जाळीतून निमूट निघून जाते. तारेच्या ब्रशाने घासल्यास लेप निघतो. स्वच्छ डिझेलने विसळावे, सावलीत वाळवावे व झाकून ठेवावे. दर हंगामात वापरण्यापूर्वी जाळीभोवती दोन बोटे स्वच्छ पाणी ओतून पाहावे. एक थेंबही ठिबकला नाही, तर जाळी शाबूत आहे असे समजावे. ठिबकला, तर ती जाळी बाद करावी. तिच्यावर विसंबणे हे नरसाळे नसण्यापेक्षाही अधिक धोक्याचे आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो, की ट्रॅक्टरला पाणी वेगळे करणारी वाटी व फिल्टर कारखान्यातूनच येतात, मग हा आणखी खटाटोप कशाला ? वाटी अवश्य असते. परंतु ती शेवटचा दरवाजा आहे. तिच्यात मावणारे पाणी थोडे असते आणि ती वेळेवर रिकामी करणारे शेतकरी त्याहून थोडे. गावच्या वेशीवर जे अडवावयाचे, ते देवघराच्या उंबरठ्यावर अडविण्यात शहाणपण नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी शेतकऱ्यांचा असतो. डिझेल रात्रभर स्थिर ठेवले की पाणी तळाशी बसते. वरचे डिझेल हळूच काढून घेतले म्हणजे झाले. ही रीत उत्तम आहे व ती सोडू नये. परंतु तिची मर्यादा जाणली पाहिजे. एक दशांश मिलिमीटरचा थेंब डिझेलमध्ये तासाभरात सुमारे एक मीटर खाली जातो. त्याच्या एक दशांश आकाराचा थेंब तासाला जेमतेम एक सेंटिमीटर उतरतो. म्हणजे मोठे थेंब रात्रीत बसतील, बारीक थेंबांस बॅरलमध्ये तीन-चार दिवस लागतील. शिवाय हंगामाच्या धांदलीत पिंप हिंदकळत बांधावर येते आणि बसलेले पाणी पुन्हा मिसळते. अशा वेळी नरसाळेच उपयोगी पडते. जाळीच्या छिद्राहून पुष्कळ बारीक असलेले थेंब मात्र नरसाळेही पूर्णपणे अडवू शकत नाही. त्यांचा समाचार इंजिनाच्या फिल्टरने घ्यावयाचा असतो. तात्पर्य, निवविणे, गाळणे आणि फिल्टर अशी ही तीन पायऱ्यांची रीत आहे. एकीने दुसरीची जागा घेता येत नाही.

तिसरा आक्षेप काटकसरीचा : जुन्या धोतराचे फडके लावून गाळले तर काय बिघडले ? कापूस पाणी पितो. म्हणूनच तर त्याचा पंचा होतो. फडके कचरा अडविते, पाणी अडवीत नाही. एकदा भिजल्यावर ते पाण्याला वाटच करून देते, आणि वर त्याचे धागे डिझेलमध्ये सोडते. कचऱ्यासाठी फडके व पाण्यासाठी जलरोधी जाळी, हा भेद ज्यास कळला त्यास या विषयाचे मर्म कळले.

पेट्रोलच्या बाबतीत सावधान

येथे एका गोष्टीचा स्पष्ट इशारा देणे अगत्याचे आहे. जे साधन डिझेलला उपकारक, ते आजच्या पेट्रोललाही तितकेच उपकारक ठरेल अशी समजूत कोणी करून घेऊ नये. उसापासून काढलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचा पहिला प्रयोग देशात २००१ साली जेथे झाला त्या ठिकाणांत कोल्हापूरशेजारचे मिरज होते. पुढे २००३ मध्ये ही योजना सुरू झाली, २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. ऊस पिकविणाऱ्या या जिल्ह्यास या गोष्टीचा रास्त अभिमान वाटावा. परंतु अभिमानाबरोबर जाणही हवी.

इथेनॉल व पाणी एकमेकांत पूर्णपणे विरघळतात. मळीची अथवा उसाच्या रसाची आंबवण ऊर्ध्वपातनाने कितीही वेळा उकळली, तरी साध्या रीतीने वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे इथेनॉल शुद्ध होत नाही. उरलेले पाणी काढण्यास कारखान्यात पाणी शोषणाऱ्या विशेष खनिज खड्यांची अथवा निराळ्या प्रकारच्या पडद्यांची योजना करावी लागते. असे हे पाणीवेडे इथेनॉल पेट्रोलच्या टाकीत आले, की ते हवेतील ओलही ओढून घेते. दहा टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये सुमारे अर्धा टक्का पाणी दिसून न येता विरघळून राहू शकते. वीस टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून अधिक. विरघळलेले पाणी कोणतीही जलरोधी जाळी अडवू शकत नाही, कारण तेथे अडविण्यास थेंबच नसतो. पाणी मर्यादेबाहेर गेले, की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. इथेनॉलमुळे त्या थराचा ताण इतका उतरलेला असतो, की तो जाळीतून निसटून जाण्याचा संभव राहतो. पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप, गवत कापणीची यंत्रे व कोळपणी यंत्रे हंगाम संपल्यावर तशीच भरलेली ठेवल्यास पुढील हंगामात सुरू होत नाहीत, याचे हे एक मोठे कारण होय. तेथे उपाय नरसाळ्याचा नसून शिस्तीचा आहे. पेट्रोल लागेल तेवढेच आणावे, झाकण घट्ट ठेवावे, आणि हंगाम संपताच टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे. शिवाय प्लास्टिकच्या नरसाळ्यातून पेट्रोल ओतताना घर्षणाने वीज निर्माण होऊन ठिणगी पडण्याचे भय असते, हेही विसरू नये. भांडे जमिनीवर टेकवून व विडीकाडी दूर ठेवूनच हे काम करावे.

तसेच डिझेलमध्ये रॉकेल मिसळलेले असल्यास तेही या जाळीने वेगळे होत नाही; ती दोन्ही तेलेच होत. जलरोधी जाळी पाण्याचा थेंब ओळखते, माणसाची लबाडी ओळखत नाही.

गावाने काय करावे ?

प्रत्येक शेतकऱ्याने असे नरसाळे विकत घ्यावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. वर्षातून थोडेच दिवस लागणारी वस्तू घरोघर धूळ खात पडणे हाही अपव्ययच. ज्या गावात अवजारे बँक आहे, तेथे बँकेने, आणि जेथे ती नाही तेथे सेवा सोसायटीने अशी दोन नरसाळी ठेवावीत. एक वापरात व एक राखीव. भाड्याचा ट्रॅक्टर शेतात उतरण्यापूर्वी त्याचे डिझेल गाळलेले असावे, अशी रीत गावाने पाडावी. भाडे ठरविताना नांगरट किती, चिखलणी किती हे जसे बोलले जाते, तसेच हेही बोलले जावे. ज्याच्या हातात यंत्र नाही त्या शेतकऱ्याचे रक्षण अशा रीतीनेच होते.

गाळून उरलेले पाणी ओढ्यात, विहिरीकाठी अथवा घटप्रभेच्या पात्रात फेकू नये. त्यावर तरंगणारा डिझेलचा पातळ थरही पुष्कळ पाणी नासवितो. ते बंद डब्यात साठवावे, निवल्यावर वरचे डिझेल काढून घ्यावे आणि उरलेले मिस्त्रीकडील जळक्या तेलाबरोबर विल्हेवाटीस द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांवर या कामी विशेष जबाबदारी आहे. या विषयावर व्याख्यान देण्याची आवश्यकता नाही. मृगाच्या आधीच्या एखाद्या सभेत अळवाचे एक पान, काचेची एक बरणी व एक नरसाळे पुढे ठेवावे. पानावर प्रथम पाणी व नंतर डिझेल टाकून दाखवावे. बरणीत डिझेल व थोडे पाणी हलवून ते नरसाळ्यात ओतावे आणि खोलगट जागेत उरलेले पाणी सर्वांना पाहू द्यावे. नंतर साबणाचे चार थेंब घातलेले पाणी त्याच रीतीने दुसऱ्या, बाद झालेल्या जाळीवर ओतून ते कसे निसटते हेही दाखवावे. साधनाचे गुण सांगणारे पुष्कळ असतात. त्याच्या मर्यादा जो दाखवितो, त्याच्यावरच शेतकऱ्याचा विश्वास बसतो.

पंपवाल्याशी भांडण करावयाचे झाल्यास तेही यामुळे न्यायाचे होईल. विकत आणलेले डिझेल त्याच दिवशी गाळले व पाणी निघाले, तर दोष कोठला ते उघड होते. महिनाभर उभ्या बॅरलमध्ये राहिलेल्या डिझेलात पाणी निघाले, तर दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या बॅरलचे बूच तपासावे. आरोपापूर्वी परीक्षा, हा नियम शेतीत तसा व्यवहारातही हितकर आहे.

परसातील अळू आजवर घरास फदफदे व वड्या देत आला, आणि बोलीस एक वाक्प्रचार. त्याच्या पानावरून घरंगळणारा थेंब पाहून पाणी कोठे थांबवावे हे शेतकऱ्याने शिकावे, म्हणजे येत्या तरण्या पावसात खाचरात उभे असलेले यंत्र चालत राहील आणि तरव्यातील रोप वेळेवर जमिनीस लागेल.